रायटिंग कोर्सचा शेवटचा निबंध सिमिलॅरिटी रिपोर्टमध्ये अडकला – माझा अनुभव

कॉलेजला पहिल्या वर्षी रायटिंगचा कोर्स कंपल्सरी होता. बाकीचे निबंध, पीअर रिव्ह्यू वगैरे वेळच्या वेळी झालं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. अडलं ते शेवटी, पोर्टफोलिओला जोडायच्या रिफ्लेक्शन निबंधापाशी. विषय एवढाच, की या कोर्सने तुम्हाला काय शिकवलं. त्यावरून सबमिशन ऑफिसने मला जे लटकवून ठेवलं त्याचा राग अजून गेलेला नाही.

मॅडमनी आधीच बजावलेलं की "माझं लिखाण सुधारलं, कॉन्फिडन्स वाढला" असलं मोघम चालणार नाही, काय बदललं आणि का बदललं ते स्वतःच्या ड्राफ्टमधून दाखवा. मला हे मनापासून पटलं. कोर्समधल्या माझ्या मोबाईलवरच्या निबंधाच्या पहिल्या ड्राफ्टची सुरुवात होती, "आजच्या डिजिटल युगात मोबाईल ही काळाची गरज बनली आहे", आणि खरा मुद्दा यायचा पार शेवटी. फायनलमध्ये पहिलंच वाक्य झालं, "झोपण्याआधी फोन लांब ठेवा हा सल्ला फसतो, कारण कामाचे मेसेज रात्रीच येतात हे तो धरतच नाही." आता यावर कोणी वाद घालू शकतो, पहिल्या वाक्यावर कोण घालणार? थीसिस स्टेटमेंट, म्हणजे निबंधाचा मुख्य दावा सांगणारं वाक्य, काय असतं ते मला या दोन वाक्यांमधल्या फरकातून कळलं, म्हणून दोन्ही परिच्छेद अवतरण चिन्हांत जसेच्या तसे टाकले, आणखीही असे दोन-चार टाकले आणि अपलोड केलं.

सिमिलॅरिटी रिपोर्ट, म्हणजे निबंधाचा मजकूर इतर लिखाणाशी किती जुळतो ते दाखवणारा सॉफ्टवेअरचा अहवाल, आला तो लालभडक! साम्याचे टक्के मर्यादेच्या कितीतरी वर, आणि ऑफिसचा मेल, निबंध नाकारला आहे, स्वतःच्या शब्दांत लिहून पुन्हा सबमिट करा. अहो, ते माझेच शब्द होते. काउंटरवर जाऊन सांगितलं तर एकच उत्तर, टक्के कमी करून आणा. रिपोर्ट उघडून बघा म्हटलं तर ते आमचं काम नाही.

मुळात हे सॉफ्टवेअर चोरी पकडत नाही, मजकूर कुठे जुळतो तेवढं दाखवतं, चोरी आहे की नाही ते माणसाने वाचून ठरवायचं असतं. माझे आधीचे ड्राफ्ट त्याच पोर्टलवर दिलेले, ते सॉफ्टवेअरच्या साठ्यात जमा झालेले, त्यामुळे निबंध माझ्याच ड्राफ्टशी जुळला आणि सोर्स म्हणून नुसतं "स्टुडंट पेपर" आलं, कोणाचा ते दिसतच नाही. वर रेफरन्स लिस्टही मोजलेली. एकाच पुस्तकाची एपीए स्टाइलमधली (संदर्भ लिहायची एक ठरलेली पद्धत) नोंद सगळ्यांची सारखीच येणार ना, स्टाइल असते कशासाठी? एका सीनियरने सुचवलं की जुन्या वाक्यांतले शब्द इकडे तिकडे कर, टक्के उतरतील. मी नाही केलं. जो ड्राफ्ट पुरावा म्हणून दाखवायचा तोच बदलला तर निबंधाला अर्थ काय राहिला! या निर्णयाचा मला आजही अभिमान आहे.

शेवटी रिपोर्टमधल्या एकेका रंगावर क्लिक करून कुठला भाग कशाशी जुळतोय त्याची यादी केली, प्रत्येकापुढे व्हर्जन हिस्टरीतली ड्राफ्टची तारीख टाकली आणि मॅडमना मेल केला, ऑफिसला कॉपीत ठेवून. अवतरणं वगळणं, रेफरन्स लिस्ट वगळणं, एखादा सोर्स काढून टाकणं हे शिक्षकांच्या लॉगिनमधून करता येतं, ते केल्यावर आकडा धाडकन खाली आला. इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! मधल्या काळात डेडलाइन उलटली होती, पण पहिल्या अपलोडची तारीख धरा अशी लेखी विनंती त्याच मेलमध्ये होती, ती मान्य झाली. तेव्हा तोंडी बोलून येऊ नका, मेल कराच.

अजून एक, कच्चे ड्राफ्ट साठ्यात जाऊ नयेत अशी सेटिंग असाइनमेंट बनवतानाच असते, शिक्षकांना सुरुवातीलाच विचारून ठेवा. आणि जुने एपीए हँडआउट वापरू नका, २०१९ च्या ७व्या आवृत्तीपासून प्रकाशकाचं शहर लिहायचं नसतं, तरी कित्येक हँडआउटमध्ये ते अजून असतं.

कोर्समधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट राहिलीच. ड्राफ्ट झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाशेजारी तो काय सांगतो ते एका ओळीत लिहायचं आणि मग फक्त त्या ओळी वाचायच्या. जिथे ओळ सुचत नाही तो परिच्छेद उडवायचा. हे मी आता ऑफिसच्या मोठ्या मेललाही करते. ड्राफ्ट मात्र वेगवेगळ्या फाइलमध्ये तारखेसकट ठेवा, आणि रिपोर्ट आला की लगेच पीडीएफ उतरवून घ्या, आमच्या पोर्टलवर नवा रिपोर्ट बनला की जुना दिसायचा बंद व्हायचा.