माथेरानला ‘सूट’ मिळाली, ती अशी

शुक्रवारी संध्याकाळी हॉटेलातून फोन आला. “सर, तुम्हाला सूट देऊ का? व्हॅली व्ह्यू, जकुझी, सगळं. फक्त पंधराशे जास्त.” पहिलं वाक्य ऐकून मी खूश झालो, कारण मराठी माणसाला सूट म्हणजे सवलत. तिसऱ्या वाक्याला कळलं की हा मोठ्या खोलीबद्दल बोलतोय. पण तोवर मी बायकोकडे बघून अंगठा दाखवून बसलो होतो.

२०२६ मध्ये २६ जानेवारी सोमवारी आला, म्हणून आम्ही शनिवार-रविवार धरून दोन रात्रींचं माथेरान ठरवलं होतं. मी, बायको आणि माझ्या सासूबाई, वय अडुसष्ट. खोली ६,८०० रुपये रात्रीची, नाश्ता धरून, कर वेगळा. जोडून आलेल्या सुट्टीला हा दर ठीकच. चूक पुढच्या पंधराशेत झाली. ते सांगणारच आहे, पण आधी दस्तुरी नाक्याचं सांगतो, कारण जाणाऱ्यांना आधी तो लागतो.

डोंबिवलीहून कर्जत लोकल, नेरळ, आणि स्टेशनाबाहेरून घाटाची टॅक्सी. इथवर सांगण्यासारखं काही नाही. नेरळहून छोटी रेल्वेगाडी सकाळी सुटते, पण जोडसुट्टीत तिच्या तिकिटाच्या भरवशावर घरातून निघू नका. टॅक्सी दस्तुरीला सोडते. पुढे आपली गाडी चालत नाही, कोणाचीच नाही. २००३ पासून हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि गाडीबंदी त्याच्याही आधीची. प्रवेशकर भरायचा आणि पुढे शटल (अमन लॉज ते माथेरान धावणारी तीच छोटी रेल्वे), ई-रिक्षा, घोडा किंवा स्वतःचे पाय.

टॅक्सीचं दार उघडायच्या आत चौघं आले. “ट्रेन बंद आहे साहेब.” “हॉटेल पाच किलोमीटर.” “आजींना चालवणार का?” एक जण तर हॉटेलचं नाव ऐकून म्हणाला की तिथं घोड्याशिवाय पोहोचता येत नाही. लक्षात ठेवा, हे सगळं खोटं आहे. अमन लॉज स्टेशन नाक्यापासून चार पावलांवर आहे. तिथं जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आम्ही गेलो तर शटल व्यवस्थित चालू होती. येणाऱ्या गाडीची तिकिटं संपली होती, एवढंच. तिकीट खिडकीवरच मिळतं, आणि खिडकी गाडी सुटायच्या थोडं आधी उघडते. म्हणजे पहिल्यांदा एकाने रांगेत जाऊन उभं राहायचं, सामानाचं आणि घोड्याचं नंतर.

ही फसवाफसवी काही माझ्या एकट्याची रड नाही. मार्च २०२५ मध्ये याच कारणासाठी माथेरानकरांनी स्वतःच आपलं गाव बंद ठेवलं होतं. दस्तुरीला पर्यटकांची दिशाभूल होते, त्यानं धंदा बसतो, अशी तक्रार होती. गावातले दुकानदार आणि हॉटेलवाले आपल्याच नाक्याविरुद्ध उभे राहिले. आम्ही गेलो तेव्हा त्याला दहा महिने झाले होते. “ट्रेन बंद आहे” हे वाक्य मात्र चालूच आहे.

घोडेवाल्यांवर माझा सरसकट राग नाही, पोट प्रत्येकाला आहे. दर विचारा, फलकाशी ताडून बघा, पटलं तर बसा. माणसानं ओढायच्या रिक्षेत मात्र बसू नका. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये ती पद्धत सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं आहे आणि आम्ही गेलो तेव्हा मुदत संपत आली होती. ई-रिक्षेला त्या दिवशी एवढी रांग होती की सासूबाई म्हणाल्या, “अहो, एवढ्या वेळात आपण पोचू.” आणि त्या चालायलाही लागल्या.

दस्तुरीहून बाजारापर्यंत सामानासकट बेचाळीस मिनिटं लागली. घड्याळ लावून चाललो. रस्ता जवळपास सपाट आहे, झाडी डोक्यावर आहे, आणि रोज अर्धा तास चालणाऱ्या कोणालाही तो जमतो. ज्यांना तोही जमत नसेल त्यांनी माथेरानचा विचार करू नये, लोणावळ्याला दारात गाडी जाते. त्रास झाला तो चाकांच्या बॅगेचा. रस्त्याला पेव्हर ब्लॉक आहेत तोवर ती टकटक करत येते. ब्लॉक संपले की लाल माती, मुळं आणि दगड. चाकं फिरायची थांबतात आणि नांगर ओढल्यासारखी बॅग ओढावी लागते. आमचं हॉटेल बाजाराच्या पुढे शार्लोट लेकच्या अंगाला, म्हणजे आणखी पंचवीस मिनिटं. ही पंचवीस मिनिटं मी बायकोशी एक अक्षर बोललो नाही, कारण बॅग तिनं निवडली होती. पाठीवरची सॅक घ्या. दोन दिवसांचे कपडे सॅकमध्ये मावत नसतील तर कपडे कमी करा. पांढरे बूट घालू नका, माझे अजून गुलाबी आहेत.

हॉटेलच्या दारात पोचलो आणि वाटलं, संपलं. तेव्हा कळलं की आम्ही आधी ठरवलेली खोली रिसेप्शनच्या शेजारी, पारिजातकाखाली होती आणि सूट खाली उतारावर. पायऱ्या एकाहत्तर. सासूबाईंनी मोजल्या. नाश्त्याला वर, चहाला वर, टॉवेल मागायला वर, कारण खालून फोन लागत नव्हता. फोनवर ‘व्हॅली व्ह्यू’ म्हटलं की पायऱ्या गृहीत धरायच्या हे मला या वयात कळायला हवं होतं. दरी खालीच असते.

खोली मोठी होती, खोटं बोलणार नाही. बाहेर सोफा, आत पलंग, मध्ये सरकतं दार. गॅलरीला माकडांसाठी जाळी होती, ती हवीच. पण जाळीतून समोर शेजारच्या बंगल्याची काळी पाण्याची टाकी आणि तिच्या डाव्या बाजूला हातभर दरी. हीच दरी लुईझा पॉइंटला फुकट आणि अख्खी दिसते, समोर प्रबळगडासकट.

आणि जकुझी. टबात साधारण अडीचशे लिटर पाणी मावत असेल. त्याला जोडलेला गीझर पंचवीस लिटरचा. हा हिशोब टब बसवणाऱ्यानं कधी केला असेल असं वाटत नाही. पहिल्या दहा मिनिटांत वाफा, नंतर कोमट, नंतर डोंगरावरच्या जानेवारीचं पाणी. मी गुडघाभर पाण्यात बसून राहिलो, कारण पैसे दिले होते. बटण दाबल्यावर बुडबुडे आले, गार. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी त्याच टबात बादली ठेवून आंघोळ केली आणि म्हणाल्या, ओटा छान केलाय.

आता पंधराशेचं. हे नीट वाचा, कारण हे माथेरानपुरतं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून हॉटेलच्या खोलीवरचा जीएसटी असा आहे: रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्याच्या वर गेलं की १८ टक्के. आणि १८ टक्के फक्त वरच्या रकमेवर लागत नाहीत, सगळ्या भाड्यावर लागतात. आमची मूळ खोली ६,८००, त्यावर ३४० कर, म्हणजे ७,१४०. पंधराशे घातल्यावर भाडं झालं ८,३००, आणि कर १,४९४. एकूण ९,७९४. म्हणजे ‘फक्त पंधराशे’ हे प्रत्यक्षात रात्रीला २,६५४, दोन रात्रींचे ५,३०८. फोनवरच्या मुलानं कर हा शब्दच काढला नव्हता. आणि मीही विचारला नव्हता. आयुष्यभर हिशेबखात्यात काढलेल्या माणसाची ही अवस्था.

रविवारी रात्री झोप येईना म्हणून बिलाच्या मागे आकडेमोड केली. भाडं बरोबर ७,५०० असेल तर करासकट ७,८७५ द्यायचे. भाडं ७,५०१ झालं की ८,८५१. एका रुपयासाठी ९७६ रुपये! पूर्वी खालचा दर १२ टक्के होता तेव्हा ही उडी साडेचारशेची होती. खालच्या खोल्या स्वस्त झाल्या आणि ७,५०० च्या रेषेवरची पायरी दुपटीनं उंच झाली. म्हणून मोठ्या खोलीची घासाघीस करताना पंधराशेचे बाराशे करा म्हणू नका. काही उपयोग नाही, तुम्ही रेषेच्या वरच राहता. सरळ म्हणा, “भाडं साडेसात हजाराला बसवा, बिलावर तेवढंच लिहा.” आमच्या बाबतीत हॉटेलला आठशे कमी मिळाले असते आणि माझे १,९१९ वाचले असते. मधला पैसा दोघांचाही नव्हता.

जेवणाचंही तसंच. ज्या हॉटेलात खोल्या या रेषेच्या वर जातात, तिथल्या रेस्टॉरंटच्या बिलावरही १८ टक्के लागू शकतात. बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटात ५ टक्के असतात. शनिवारी रात्री पाय गळून गेले होते म्हणून वर चढून हॉटेलातच जेवलो. जेवण १,२४०. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज १२४, आणि दोन्ही मिळून होणाऱ्या रकमेवर जीएसटी. बेरीज १,६०९ रुपये ५२ पैसे. सर्व्हिस चार्ज आपण होऊन बिलात घालता येत नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलंय. मी आवाज न चढवता म्हटलं, हा काढा. वेटरनं एकदा मॅनेजरकडे बघितलं आणि दोन मिनिटांत १,४६३ चं बिल आलं. नाहीच ऐकलं तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. तो नुसता मोबाइलवर टाइप करून दाखवला तरी पुरतं, असा माझा अंदाज. वेटरला वेगळे पन्नास दिले, त्याची काही चूक नव्हती.

रविवार मजेत गेला. तळं, पॉइंट, बाजारात वडापाव, चिक्की. फोटो आहेत.

सोमवारी चेक-आऊट दहाचा. दहा म्हणजे दहा, जोडसुट्टीला अर्धा तासही मिळाला नाही. निघताना शटलच्या नादी लागलोच नाही. बॅग बाजारापर्यंत हमालाकडे दिली, आधी पैसे ठरवून, आणि तेवढा एक खर्च मला या सहलीत मनापासून पटला. सासूबाई रुळांच्या कडेनं पुढे, आम्ही मागे. दस्तुरीला पोचलो तर नुकत्याच उतरलेल्या एका कुटुंबाला कोणी तरी सांगत होतं, ट्रेन बंद आहे. सासूबाई थांबल्या आणि म्हणाल्या, “चालू आहे हो. तिकडे आहे स्टेशन.” सांगणाऱ्यानं आमच्याकडे जे बघितलं ते बघून मी पटकन टॅक्सीत बसलो.

वृद्ध माणसं सोबत असतील तर खोली ठरवताना तीन गोष्टी विचारा: रिसेप्शनपासून किती पायऱ्या, गरम पाणी किती वाजेपर्यंत, आणि करासकट एकूण किती. तिन्हींची उत्तरं मेसेजवर लिहून घ्या. ‘लक्झरी’, ‘प्रीमियम’ वगैरे शब्दांना माथेरानात अर्थ नाही. दिवसभर लाल धूळ खाऊन आल्यावर हवी असते बादलीभर कडकडीत पाणी आणि जवळची खाट.

काल त्याच मुलाचा मेसेज आला. परत येणाऱ्या पाहुण्यांना सूटवर दहा टक्के सूट. या खेपेला दोन्ही अर्थांनी. मी कॅल्क्युलेटर काढला. ८,३०० चे ७,४७०. रेषेच्या तीस रुपये खाली. पोराला एक तर कोणी तरी शिकवलं असावं किंवा हा योगायोग.

मी लिहिलं, पायऱ्या किती?

अजून उत्तर नाही.