कॅसिनोच्या दगडावर माणगावचा माणूस

रोमच्या टर्मिनी स्टेशनवरून कॅसिनोला साधी रेल्वेगाडी जाते, दोनेक तास लागतात. डोंगरावरचा माँते कॅसिनोचा मठ लांबूनच दिसतो. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी बाँब टाकून तो जमीनदोस्त केला होता. आजचा मठ युद्धानंतर बांधलेला. बहुतेक पर्यटक वर तिकडेच जातात. मी मात्र खाली, गावाबाहेरच्या युद्ध दफनभूमीकडे चालत निघाले.

मी महाडची. माणगावच्या तहसील कचेरीपाशी एका सैनिकाचा पुतळा आहे, नाईक यशवंत घाडगे यांचा. लहानपणी एसटीतून जाता-येता ते नाव कितीदा कानावर पडलं असेल, पण ते कुठे लढले, कुठे पडले, हे मी कधीच विचारलं नाही. इटलीत राहायला आल्यावर कळलं, ते इथेच!

पळसगाव-आमडोशीचा हा मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीत होता. १० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे मेले नाहीतर जखमी झाले. उरले एकटे घाडगे. ते थेट मशीनगनवर धावून गेले. बाँब फेकून ती बंद पाडली, एकाला गोळी घातली. पुन्हा गोळ्या भरायला उसंत नव्हती, तेव्हा टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. तेवढ्यात शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला तो मरणोत्तर.

दफनभूमीत शिरल्यावर मी गप्पच झाले. इथे ४,२७१ जणांची स्मृती जपलेली आहे, त्यातल्या २८९ जणांची ओळखच पटलेली नाही. हिरवळ नुकती कापलेली, शिळांच्या पायथ्याशी फुलझाडं. एका शिळेवर अचानक देवनागरी दिसली, 'ॐ भगवते नमः', आणि माझे पायच अडखळले. परक्या मुलखात आपली अक्षरं अशा जागी भेटतील, याची मनाने तयारी केलेली नव्हती.

घाडगे यांची कबर मात्र कुठेच नाही. ज्यांचा देह कुठे विसावला ते माहीत नाही, अशा आणखी चार हजारांवर जवानांची नावं पाण्याच्या कुंडाशेजारच्या हिरव्या संगमरवरी फलकांवर कोरली आहेत. रेजिमेंटचं नाव शोधत गेले. इंग्रजांच्या जुन्या पद्धतीने 'मराठा' शब्दात एक जादा 'एच' होता. त्याखाली कदम, जाधव, मोरे, शिंदे अशी नावं शोधावी लागली नाहीत, ती आपोआप वाचली गेली, शाळेच्या हजेरीपटासारखी. मग घाडगे. त्या अक्षरांच्या खाचेत बोट घातलं. दगड उन्हाने तापला होता, पण खाच आतून गार होती.

यांच्यातल्या कितीजणांच्या घरच्यांना ही जागा बघायला मिळाली असेल? हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना.

तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला. फोन फलकासमोर धरला. ती बराच वेळ बोलली नाही.

"आमडोशीचे ना गं ते?"

"हो."

"मग बघत काय बसलीस? पाणी सोड."

पिशवीत प्यायच्या पाण्याची बाटली होती, अर्धी भरलेली. चप्पल बाजूला काढली आणि फलकाच्या पायथ्याशी, हिरवळीवर, हळूहळू रिकामी केली.