कुडल संगमावरचा मुक्काम आणि मुलींच्या पाठीवरचं सामान

सोलापुरात सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्यावरची गर्दी ओसरली, ज्वारी हुरड्यात आली, की आमच्या शाळेच्या गाईड पथकाचा मुक्काम हत्तरसंग कुडलला पडतो. सोलापूरहून विजापूर रस्ता धरायचा, मंद्रूप मागे टाकायचं आणि पुढे आत वळायचं. एकूण 40 किलोमीटरच्या आसपास. भीमा आणि सीना इथं एकमेकींना मिळतात. संगमेश्वराच्या देवळात शके 940 चा, म्हणजे इ.स. 1018 चा मराठी शिलालेख आहे. शेजारच्या हरिहरेश्वराच्या देवळात 359 मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. मुलींना दाखवावं असं एवढं सगळं एका ठिकाणी आणि तेही घराजवळ मिळतं, म्हणून ही जागा मला फार प्रिय आहे.

फाट्यापासून पुढे आम्ही चालत जातो. गाडी थेट देवळापर्यंत नेता येते, पण मी नेत नाही. आपलं सामान आपल्या पाठीवर घेऊन तासभर चालल्याशिवाय त्यातलं काय कामाचं आणि काय नाही, हे कळत नाही.

आमच्या मुली बहुतेक सोलापूरच्या पूर्व भागातल्या. घरी तेलुगू किंवा कन्नड, शाळेत मराठी. कुणाची आई विड्या वळते, कुणाचे वडील यंत्रमागावर जातात. शिबिराची सूचना लागली की पालक विचारायला येतात, "बाई, ती ट्रेकिंगची सॅक घ्यावी लागंल का वो?" मी सांगते, घेऊ नका. दोन रात्रींच्या मुक्कामाला शाळेचं दप्तर पुरतं. पट्टे रुंद आणि शिवण पक्की हवी, एवढंच पाहायचं. अंथरूण दप्तरात कोंबायचं नाही, त्याची वळकटी करून वर दोरीनं आवळायची. सॅक घ्यायचीच असेल, तर 40 लिटरची पुरे. मोठी घेतली की ती भरेपर्यंत घरच्यांना चैन पडत नाही. दप्तर धोरणानं शाळेच्या दप्तराला मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांची मर्यादा घातली आहे. मुक्कामाला त्याहून जास्त होतं, हे खरं. पण 36 किलोच्या मुलीच्या पाठीवर पाणी धरून 6 किलोच्या वर काही जाऊ नये, यावर मी ठाम आहे. म्हणून निघण्याआधी प्रत्येक पिशवी वजनकाट्यावर चढते.

अंथरुणाचा प्रश्न आपल्या गावानं आधीच सोडवून ठेवलाय. जानेवारीत दिवसा पारा 30 अंशांच्या पुढे जातो आणि पहाटे 15-16 पर्यंत उतरतो. नदीकाठी गारवा आणखी थोडा जास्त. या थंडीला स्लीपिंग बॅगची गरज नाही, सोलापुरी चादर बास आहे. मात्र ती नुसती अंगावर ओढून घेतली तर झोपेत सरकते. चादर लांबीत तीन पदरी दुमडायची, पायाकडची बाजू खाली मोडून घ्यायची आणि कडेनं मोठ्या सेफ्टी पिना लावायच्या, की झोपायची पिशवी तयार. वर एक पदर, खाली दोन. खालीच जास्त लागतात, कारण अंगातली ऊब हवेपेक्षा जमीन लवकर ओढून घेते. हे एकदा समजलं की मुली दुसरी चादर मागत नाहीत, खाली घालायला काहीतरी मागतात.

खाली घालायला आम्ही साखरेची पोती वापरतो. साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्यात त्यांना काय तोटा! दोन पोती उसवून, धुऊन, एकमेकांना शिवली की ओल वर येत नाही. खताची किंवा औषधाची पोती मात्र कितीही धुतलेली असली तरी घ्यायची नाहीत. त्यावर मुलींचं तोंड टेकणार असतं.

चादरीसारखाच सोलापूरचा टर्किश टॉवेलही नावाजलेला, पण तो घरीच राहू द्यावा. तो पाणी भरपूर पितो आणि सोडत नाही. ओला टॉवेल दप्तरात गेला की बाकीचे कपडे दमट होतात. त्याऐवजी साधा पंचा न्यावा. सकाळी नऊला बाभळीवर टाकला की अकराला कडकडीत वाळतो, उन्हात डोक्याला गुंडाळता येतो, हात मोडला तर झोळी होतो आणि चार पदरी केला की पाणीही गाळता येतं.

तंबूचं सामान मात्र कुणा एकीचं नसतं. 1907 साली इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी जे पहिलं शिबिर घेतलं, त्यात वीसेक मुलगे छोट्या तुकड्यांत वाटलेले होते. ती पद्धत आजही तितकीच कामाची आहे. आमच्याकडे सहा ते आठ मुलींचा एक संघ, त्याची एक ताडपत्री, आठ लाठ्या, दोऱ्यांचं एक भेंडोळं आणि खुंट्या. संघनायिका ते सगळ्यांत वाटून देते. ताडपत्री आम्ही मंगळवार पेठेतून घेतो, शेतकरी खळ्यावर घालतात तीच. बाजारात घुमटासारखे नायलॉनचे तंबू मिळतात. दिसायला छान असतात, पण आपल्या उन्हात सकाळी नऊनंतर आत बसवत नाही. ताडपत्रीच्या दोन्ही बाजू उघड्या ठेवता येतात आणि वारा आरपार जातो.

खुंट्यांकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं आणि तंबू पडतो तो त्यांच्यामुळेच. तंबूबरोबर येणाऱ्या तारेच्या खुंट्या आपल्या मुरमात दुसऱ्या ठोक्याला वाकतात. आम्ही वेल्डिंगच्या दुकानातून 10 मिलिमीटरच्या सळईचे फूटभर तुकडे कापून, टोक काढून आणि वरचं टोक वाकवून घेतले आहेत. माळावर त्यांना तोड नाही. काळ्या रानात मात्र त्या उपयोगी पडत नाहीत. जानेवारीत रेगड जमिनीला भेगा पडलेल्या असतात, तिथं सळई सैल होते. तिथं बाभळीच्या हातभर लांब, जाड खुंट्या लागतात, त्याही तंबूच्या उलट्या दिशेला कलत्या ठोकायच्या. दोरी सुती घ्यावी. नायलॉनची दोरी स्वस्त आणि चिवट असते, पण नव्यानं गाठ शिकणाऱ्या मुलीच्या हातून तिच्यावरची क्लोव्ह हिच घसरते आणि मुलीला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. सुती दोरी गाठ धरून ठेवते. ती दव पिऊन आखडते, म्हणून झोपण्याआधी सगळे ताण थोडे सैल करायचे. हे काम संघातल्या सगळ्यात लहान मुलीकडे असतं आणि ती ते मोठ्या मानानं करते.

जागा निवडताना मोह होतो तो पाण्याजवळच्या सपाट वाळूचा. तिथं तंबू ठोकायचा नाही. वरच्या उजनी धरणातून भीमेत पाणी सोडतात. ऊन पडलेलं असताना, आभाळ कोरडं असताना नदी वाढू शकते. आम्ही देवळाच्या बाजूला, उंचावर राहतो आणि गावात पाण्याची चौकशी केल्याशिवाय एकही मुलगी पात्रात उतरत नाही.

पायात चप्पल नको. वेड्या बाभळीचा काटा चपलेच्या तळातून सरळ वर येतो. जाड तळव्याचे कॅनव्हासचे बूट, दोन जोड सुती मोजे आणि प्रत्येक संघाकडे एक चिमटा. सकाळी बूट झटकूनच घालायचे, कारण मुरमाड माळ हे विंचवाचं आणि फुरशाचं घर आहे. प्रथमोपचार पेटीत ब्लेड आणि आवळपट्टी मी ठेवत नाही. साप चावला तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही. पाय मोडल्यावर बांधतो तसा लाठीला बांधून स्थिर ठेवायचा, मुलीला चालू द्यायचं नाही आणि 108 ला फोन करून सरकारी दवाखाना गाठायचा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं. पेटीत जास्त जागा लागते ती साखर-मिठाला. एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या सपाट चमच्यानं. उन्हात चालून आलेल्या मुलीला याचाच आधार मिळतो.

मुलींच्या मुक्कामाबद्दल लिहिताना लोक एक गोष्ट गाळतात. सॅनिटरी पॅड प्रत्येकीच्या पिशवीत असायलाच हवेत, पाळीची तारीख जवळ असो वा नसो. सोबत जुनी वर्तमानपत्रं आणि एक गडद रंगाची कापडी थैली. वापरलेलं काही नदीकाठी टाकायचं नाही, सगळं बांधून परत आणायचं. हे मी पालकांच्या सभेत वडिलांसमोरच मोकळेपणानं सांगते. त्यामुळे कुणी मुलगी पोट दुखतंय म्हणून घरी राहत नाही.

खाण्याचं सांगायला फार काही नाही. पहिल्या दिवसाला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि गूळ. भाकरी स्टीलच्या डब्यात पंच्यात गुंडाळून न्यावी, प्लॅस्टिकमध्ये घातली की मऊ पडते. पुढे खिचडी. चुलीवर ठेवण्याआधी पातेल्याला बाहेरून ओल्या मातीचा हात फिरवला की काजळी धुताना सहज निघते.

पिशवी भरण्याचं काम मी शिबिराच्या आदल्या दिवशी शाळेतच घेते आणि आयांना त्या खोलीत येऊ देत नाही. त्यांची माया मला समजते, पण आईनं भरलेल्या पिशवीत मुलीला काही सापडत नाही. वळकटी वर, जड वस्तू पाठीला टेकून मधोमध, कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत, पाणी आणि बॅटरी हाताला येईल अशी. बॅटरीतला एक सेल उलटा घालायचा, म्हणजे पिशवीत ती आपोआप लागत नाही. मग खिडक्या लावून वर्गात अंधार करते आणि एकेक वस्तू मागते. चिमटा काढा. पंचा काढा. बॅटरी काढून सेल सरळ करा. जिला जमत नाही ती पिशवी रिकामी करून पुन्हा भरते.

यंदा संध्याकाळी देवळात पोचलो तेव्हा आत अंधार झालाच होता. सगळ्यांच्या बॅटऱ्या मिनिटभरात निघाल्या. दगडावर तिरका उजेड टाकला की झिजलेली अक्षरं उठून दिसतात, हे एकीच्या आपणहून लक्षात आलं आणि सगळ्या तिच्याभोवती जमल्या. जो हे वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाची त्या लेखाची ओळ आहे. सोळा-सतरा वेळा तरी ती मोठ्यानं वाचली गेली. बाहेर शेजारच्या शेतकऱ्यानं मालदांडीचा हुरडा भाजायला घेतला होता, तिकडे त्यांना न्यायला मला बरंच समजवावं लागलं.

परतल्यावर सामान लगेच बासनात बांधत नाही. ताडपत्री, दोऱ्या, चादरी शाळेच्या गच्चीवर दोन दिवस ऊन खातात. मग प्रत्येकीनं न वापरलेल्या वस्तूंची यादी वहीत लिहायची, प्रथमोपचाराचं सामान सोडून. यंदाच्या याद्यांत जास्तीची चप्पल, पावडर आणि दुसरा स्वेटर बहुतेकींकडे आहेत. पावसाळ्यात नळदुर्गला नर-मादी धबधबा पाहायला एका दिवसासाठी जायचं आहे. तिथं ही चादर चालणार नाही, भिजली की ती उचलवत नाही. त्या वेळची यादी मुली स्वतःच करायला बसल्या आहेत आणि पहिल्या ओळीत त्यांनी पंचा लिहिला आहे.