खासबागेत ऐकलेला शड्डू

बाहेरगावच्या लोकांना कोल्हापूर फिरवून दाखवणं हे माझं काम. अंबाबाईचं देऊळ, भवानी मंडप आणि तिथून चालत खासबाग. खासबागेत काय सांगायचं ते ठरलेलं असतं. शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले, त्याच दौऱ्यात रोमचं कलोसियम त्यांनी पाहिलं आणि १९१२ मध्ये हे कुस्तीचं मैदान झालं. मग मंडळींना वरच्या कडेला नेतो. मधला हौद, म्हणजे कुस्तीचा आखाडा, खोलात, चारी बाजूंनी उतार, त्यामुळे शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसते, पुढच्याचं डोकं आड येत नाही.

त्या दिवशी आलेली मुलं अंध शाळेतली होती. त्यांना दिसण्याचं कौतुक सांगून काय उपयोग! म्हणून ओळखीच्या एका वस्तादांना मी आदल्या दिवशीच गळ घातली होती. वय झालंय, पण अंग अजून पैलवानाचंच.

मुलं उतारावर बसली. वस्ताद खाली गेले, वाकून हौदाची माती कपाळाला लावली आणि शड्डू ठोकला. सकाळचं रिकामं मैदान, ना हलगी, ना गर्दी. तो आवाज वरपर्यंत असा आला की सगळ्या माना एकदम त्या बाजूला वळल्या.

"मांडीवर मारला का दंडावर?" एका पोरानं ओरडून विचारलं.

"वळीख की!" खालून उत्तर. पुन्हा एक शड्डू, मग दुसरा, जरा वेगळा. पोरगं म्हणालं, पहिला मांडीवर, दुसरा दंडावर. बरोबर होतं. मग खेळच सुरू झाला. वस्ताद पाय न वाजवता हौदाभोवती फिरायचे, थांबून शड्डू ठोकायचे आणि मुलं बोटं रोखून दाखवायची, वस्ताद कुठं आहेत ते. इतकी वर्षं या मैदानात येतोय, पण इथला आवाज असा सुटा करून मी कधी ऐकला नव्हता.

वस्ताद वर आले ते मूठभर माती घेऊन. लाल माती, त्यात तेल, हळद, लिंबू, ताक. मुलांनी ती हातात चुरली, वास घेतला. एकीनं, आठवीतली असावी, विचारलं, "दादा, प्रेक्षक म्हणजे बघणारा असं सर सांगतात. मग आज आम्ही कोण? श्रोते?"

प्रश्न थट्टेचा नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं आणि मलाही ते नीट द्यायचं होतं. मी सांगितलं, थिएटर हा शब्द ग्रीकांच्या 'थिएट्रॉन'वरून आला. थिएट्रॉन म्हणजे बघण्याची जागा, आणि ती जागा म्हणजे रंगमंच नव्हे, तर लोक बसायचे तो डोंगराचा उतार. म्हणजे आत्ता तू बसलीस तीच. रोमनांचं अँफिथिएटर म्हणजे सभोवती बघायची जागा. आणि ऑडिटोरियम? ते लॅटिनमधल्या ऐकणे या क्रियापदावरून.

"म्हणजे आमचं ऑडिटोरियम," ती म्हणाली.

एवढ्यात शेजारून ठोकाठोकीचा आवाज आला. कसला, म्हणून मुलांनी विचारलं. संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाचं पुनर्बांधणीचं काम चालू होतं. महाराजांनीच बांधलेलं, १९१५ मध्ये सुरू झालेलं, तेव्हाचं पॅलेस थिएटर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, गायक-नट केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते जळालं. ते सांगताना आजही माझा गळा दाटतो. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात नटांनी तिथं पदं गायली, ती मागच्या रांगेपर्यंत पोचवली.

तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथंच होतं. भरतानं नाट्यशास्त्रात नाटकाच्या वास्तूला प्रेक्षागृह म्हटलंय, बघण्याचं घर. पण त्याची मापं सांगताना त्याला कानाचीही तितकीच काळजी. माणसांसाठी चौसष्ट हात लांब, बत्तीस हात रुंद एवढंच बांधा. त्याहून मोठं झालं तर नटाचे उच्चार विरतील आणि चेहऱ्यावरचे भाव कळणार नाहीत. मंडप डोंगरातल्या गुहेसारखा हवा, खिडक्या लहान, वारा आत शिरू नये, म्हणजे आवाज गंभीर होतो. मी तिला म्हटलं, "नाव डोळ्याचं, पण बांधणी तुझ्या कानासाठीसुद्धा आहे. तू प्रेक्षकच."

तिला ते पटलं की नाही कोण जाणे. पण वस्ताद मध्येच बोलले. "आमच्यात प्रेक्षक कोण म्हणतंय? मैदानात पुकारत्यात ते कुस्तीशौकीन. ज्येला शौक हाय त्यो शौकीन. डोळ्याचं काय काम त्येत?"

वर्षानुवर्षं कानावर पडलेला शब्द. शौक म्हणजे ओढ, आवड. ज्याला ओढ आहे तो, बस्स.

मुलांनी तो लगेच उचलला. सरांना सोडेनात, पुढचं मैदान कधी ते विचारा म्हणून. सरांनी मला विचारलं, मी वस्तादांना. निवेदक डावन् डाव पुकारत असतो, त्याच्या कर्ण्याच्या जवळ बसलं तर कुस्ती सगळी कळेल, असं ते म्हणाले. पण त्या मुलीला कर्णा नको होता. तिला हौदाच्या शक्य तितक्या जवळची जागा हवी होती, शड्डू ऐकू येईल अशी. तारीख ठरली की तशा जागेची व्यवस्था करायचं मी आणि वस्तादांनी सरांकडे कबूल केलंय.