ट्रॉलीच्या कारखान्यात घडणारी रेसकार: चोपड्याकडचा प्रवास

मालेगाव मागे टाकून मुंबई-आग्रा रस्त्याने उत्तरेकडे निघाले की धुळ्याच्या अलीकडे लळिंगचा किल्ला दिसू लागतो, आणि तिथून पुढे जमीन, हवा आणि बोली या तिन्ही गोष्टी खानदेशी होतात. जानेवारीतली सकाळ होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणी संपलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, आणि मला जायचे होते ते धुळ्याहून अमळनेर, तिथून तापीचा पूल ओलांडून चोपडा तालुक्यातल्या एका गावी. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या तिथल्या एका कारखान्यात जुन्या मारुती झेनची शर्यतीची गाडी घडत आहे, एवढीच माहिती एका मित्राकडून मिळाली होती.

शर्यतीच्या मोटारीचा विषय निघाला की आपल्याकडे सगळ्यांचे लक्ष दक्षिणेकडे जाते, आणि त्यात चूकही नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा 3.717 किलोमीटरचा ट्रॅक आहे, कोइमतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, आणि मारुतीचे साधे इंजिन बसवून स्वस्तातली एक आसनी रेसकार देशात तयार करणारे करिवर्धन हेही कोइमतूरचेच. उत्तरेत ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट 2011 साली झाले आणि 2013 पर्यंत तिथे फॉर्म्युला वनच्या तीन शर्यती झाल्या. या नकाशात खानदेश कुठेच नाही. परंतु हौशी माणसाने घरी गाडी बांधायची म्हटले तर लागणारे कसब, म्हणजे पाइप वाकवणे, वेल्डिंग, लेथचे काम आणि जुन्या यंत्रातून नवे काम काढून घेण्याची सवय, या पट्ट्यात गावोगावी आहे, आणि ती पाहण्यासाठीच मी एवढा प्रवास केला होता.

अमळनेरात चहापुरता थांबलो. बोरी नदीकाठचे हे गाव साने गुरुजींच्या शाळेमुळे सर्वांना ठाऊक असते, पण विप्रोची सुरुवातही 1945 साली इथल्याच वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झाली, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. तापी ओलांडल्यावर केळीचे मळे सुरू झाले आणि समोर सातपुड्याची निळसर रेघ दिसू लागली.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. एका बाजूला अर्धवट रंगवलेली ट्रॉली, दोन रोटाव्हेटर, पाती बदलायला आलेला एक नांगर, आणि त्यांच्या मागे दारे, काचा, गाद्या, डॅशबोर्ड सगळे उतरवलेला झेनचा सांगाडा. ज्यांचा कारखाना आहे त्यांना सगळे गाव आप्पा म्हणते. गाडी त्यांच्या मुलाची, ज्याला सगळे दादा म्हणतात. दादाने अभियांत्रिकी महाविद्यालयात असताना ‘बाहा’च्या स्पर्धेसाठी गाडी बांधली होती. ही विद्यार्थ्यांची स्पर्धा 2007 पासून इंदूरजवळच्या पीथमपूरला भरत आली आहे. खानदेशातून तिथे जायचे म्हणजे शिरपूर-सेंधव्याचा घाट चढून जायचे, तेही गाडी टेम्पोत बांधून. दादाच्या वेळी सर्व संघांना 305 सीसीचे, सुमारे 10 अश्वशक्तीचे एकाच जातीचे इंजिन वापरावे लागे, त्यामुळे कोणाचे इंजिन दमदार हा प्रश्नच उरत नसे आणि सगळी चढाओढ सांगाड्याच्या वजनात, मजबुतीत आणि चाकांच्या मांडणीत होई. दादाचे डोके त्या शिस्तीत तयार झाले आहे, हे त्याच्याशी बोलताना पहिल्या दहा मिनिटांत कळते. इंजिनाविषयी तो फारसे बोलतच नाही.

तरीही इंजिनाचे सांगितले पाहिजे. झेनचे मूळ इंजिन 993 सीसीचे, सुमारे 50 अश्वशक्तीचे. त्याच्या जागी दादाने एस्टीमचे 1298 सीसीचे, फ्युएल इंजेक्शनचे, 85 अश्वशक्तीचे इंजिन बसवले आहे, जे त्याला मालेगावच्या भंगार बाजारात मिळाले. दोन्ही इंजिने सुझुकीच्या एकाच जी मालिकेतली असल्यामुळे ही अदलाबदल आपल्याकडच्या हौशी लोकांत फार जुनी आहे, आणि त्यात मला नवे काही दिसले नाही. खरी बघण्यासारखी गोष्ट होती ती आतला पिंजरा, म्हणजे गाडी उलटली तरी चालकाला वाचवणारा पाइपांचा रोल केज.

पिंजऱ्यावरून बाप-लेकांत जे वाद झाले, त्यांत या सगळ्या उद्योगाचे मर्म आहे. ट्रॉली बनवणाऱ्या माणसाचा धर्म असा की जिथे शंका येईल तिथे जाड पत्रा लावायचा, कारण दोन टनांची ट्रॉली वीस किलोंनी जड झाली तर शेतकऱ्याला काही कळत नाही, पण ती बांधावर मोडली तर तो दारात येऊन उभा राहतो. रेसकारचे गणित याच्या उलट आहे. तिथे प्रत्येक किलो आपल्यालाच ओढावा लागतो, वळवावा लागतो आणि थांबवावा लागतो, म्हणून पाइप हवा तेवढाच जाड आणि हवा तिथेच. मोटार शर्यतींची आंतरराष्ट्रीय संघटना असलेल्या एफआयएच्या नियमांप्रमाणे चालकाच्या मागची मुख्य कमान 45 मिलिमीटर व्यासाच्या आणि अडीच मिलिमीटर जाडीच्या, किंवा 50 मिलिमीटर व्यासाच्या आणि 2 मिलिमीटर जाडीच्या, विनासांध्याच्या पाइपची करतात. बाकीच्या भागांना 38 मिलिमीटरचा अडीच जाडीचा किंवा 40 चा 2 जाडीचा पाइप चालतो. आप्पांनी 2 मिलिमीटरचा पाइप पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा त्यांनी विचारले होते, ‘इतला पतला पाइप टिकी का?’ त्यांच्या अनुभवाच्या चौकटीत तो प्रश्न अगदी रास्त होता, कारण ट्रॉलीला सांध्याचा पाणीपाइप वापरला जातो आणि तो त्या जाडीत खरोखरच टिकला नसता. दोन्ही पाइपांचे तुकडे वाइसमध्ये धरून, लांब नळी अडकवून वाकवून दाखवले, तेव्हा सांध्याचा पाइप शिवणीवर उकलला आणि दुसरा नुसता वाकला. त्यानंतर आप्पांनी जाडीचा विषय काढला नाही.

पाइप वाकवण्याचे तंत्रही त्यांना बदलावे लागले. गावाकडे पाइपात रेती ठासून, गॅसने लाल करून वाकवण्याची रीत आहे. पिंजऱ्याला ती चालत नाही. नियमात वाक थंड स्थितीतच द्यावा लागतो आणि वाकाची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या किमान तिप्पट हवी, म्हणजे 40 च्या पाइपला 120 मिलिमीटरहून कमी नाही. ट्रॉलीच्या हायड्रॉलिक जॅकवर आप्पांनी स्वतः घडवलेला बेंडर मी चालताना पाहिला. दोन्ही बाजूंना खोबण असलेले लोखंडी रूळ, मध्ये अर्धगोल साचा, आणि दांड्याच्या प्रत्येक दाबाबरोबर पाइप केसाएवढा पुढे सरकत होता. आप्पा दर दोन-तीन दाबांनंतर थांबून आतल्या अंगाला बोट फिरवून सुरकुती पडली का ते चाचपत होते, आणि मगच पुन्हा दांडा हातात घेत होते. जोडाच्या जागी पाइपचे टोक सपाट ठेवून फट वेल्डिंगने भरण्याची इथली सवय दादाने मोडून काढली आहे. आता प्रत्येक टोकाला समोरच्या पाइपच्या गोलाईएवढी खाच ग्राइंडरने पाडतात, ती लावून बघतात, उजेड दिसेनासा झाला की मगच टाके मारतात. पिंजऱ्याचे पाय ज्या ठिकाणी बॉडीच्या पत्र्यावर उभे राहतात तिथे 3 मिलिमीटरची पट्टी आहे, कारण तिच्याविना उलटताना पाय पत्र्यातून आरपार जाईल. इथे मात्र आप्पांचे चालले असते तर पट्टी 6 ची झाली असती.

दुपारी जेवायला घरी गेलो. पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात आणि ठेचा. खानदेशात भरताशिवाय पाहुण्याला सोडत नाहीत, आणि या बाबतीत माझी काही तक्रार नाही.

जेवणानंतर गाडीचे वजन करायचे होते, आणि या प्रवासातला सर्वांत आनंदाचा तास तो ठरला. चारही चाकांवर वेगवेगळे किती वजन पडते हे मोजण्याची तयार यंत्रे मिळतात, पण ती महाग असतात. केळीच्या पट्ट्यात प्रत्येक गोदामात तीनशे किलोचे इलेक्ट्रॉनिक काटे असतात. तसे चार काटे शेजाऱ्यांकडून मागून आणले, पाण्याच्या नळीने त्यांची पातळी एक केली, टायरमधली हवा तपासली, आणि चालकाच्या आसनावर चालकाऐवजी युरियाची 45 किलोची गोणी व तिच्यावर 20 किलोचे वजन ठेवून गाडी हळूच वर ढकलली. पुढचे डावे चाक 213, पुढचे उजवे 242, मागचे डावे 144, मागचे उजवे 141. एकूण 740 किलो. म्हणजे साठ टक्क्यांहून अधिक भार पुढच्या चाकांवर, जे पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत अपेक्षितच असते. खटकत होते ते तिरके गणित. पुढचे उजवे आणि मागचे डावे मिळून 386, तर दुसरी जोडी अवघी 354. अशी गाडी एका बाजूला निमूट वळते आणि दुसऱ्या बाजूला हट्ट करते.

दादाने पुढच्या शॉक अॅब्सॉर्बरवर लेथवर आटे पाडलेली नळी चढवली आहे, तिच्यावरची कडी फिरवली की स्प्रिंगची बैठक वर-खाली होते. उजवीकडची कडी दीड फेरा सैल केल्यावर आकडे 220, 235, 137 आणि 148 असे झाले. गंमत अशी की पुढचे एकूण 455, मागचे 285, डावीकडचे 357 आणि उजवीकडचे 383 हे तसूभरही हलले नाहीत. फक्त तिरक्या जोड्यांचा फरक 32 किलोंवरून 4 किलोंवर आला. स्प्रिंग फिरवून वजन कमी होत नाही, ते चार पायांत वाटले जाते इतकेच, ही गोष्ट एरवी फळ्यावर समजावून सांगायला वेळ लागतो. चार काट्यांवरचे आकडे एकाच वेळी बदलताना पाहिल्यावर काटे उचलायला आलेल्या हमालांनाही ती कळली.

संध्याकाळी गाडी ट्रॅक्टरमागे बांधून त्यांच्याच पडीक शेतात नेली. बदल केलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही आणि रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हाच आहे, त्यामुळे हौशी माणसाला एकतर अधिकृत स्पर्धेची वाट पाहावी लागते किंवा स्वतःचे रान असावे लागते. या शेताचा वरचा भाग मुरमाड आहे, खालचा काळ्या मातीचा. फक्की मारून आणि केळीची प्लास्टिकची रिकामी कॅरेट उभी करून वळणावळणांची वाट आखली होती. ऑटोक्रॉस या प्रकारात एका वेळी एकच गाडी धावते आणि तिची झुंज घड्याळाशी असते. कॅरेट पडले की वेळेत दंड वाढतो. कडेला बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना हे समजावण्याची गरजच पडली नाही. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडीची वेळ सेकंदाच्या अंशात मोजलेली त्यांनी आयुष्यभर पाहिली आहे, आणि 2014 च्या बंदीनंतर डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली तेव्हा पहिल्या पटाला ते स्वतः गेले होते. गाडी परत येताच त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘टाइम कितला लागना?’

मुरमावर गाडी सुरेख वळत होती. काळ्या मातीत शिरताच धुळीचा एवढा लोट उठला की ती काही क्षण दिसेनाशी झाली, आणि परत आल्यावर एअर फिल्टर उघडला तर कागदाच्या घड्यांत पिठासारखी बारीक माती बसलेली. फिल्टर बोनेटखालून काढून उंचावर, विंडस्क्रीनच्या पायथ्याशी न्यावा लागेल, असे तिथल्या तिथे ठरले.

खर्चाचे बोलणे निघाले तेव्हा दादाने वही दाखवली. इंजिन, टायर आणि पाइप यांच्या आकड्यांनी मला आश्चर्य वाटले नाही. सुरक्षेचे सामान मात्र त्या पानाचा मोठा भाग खाऊन गेले होते. आगीला तोंड देणारा पोशाख, रेसिंगचे हेल्मेट, आसन, आग विझवण्याचे सिलिंडर, आतून-बाहेरून विजेचा पुरवठा तोडणारे बटन, आणि सहा पट्ट्यांचा बेल्ट, जो एफआयएच्या नियमाने पाच वर्षांनी, वापरला असो वा नसो, बाद होतो. जुना बेल्ट स्वस्तात मिळत होता, तो दादाने घेतला नाही, हे मला त्याच्या सर्व वेल्डिंगपेक्षा अधिक आवडले. घरी गाडी बांधणारे पुष्कळ जण नेमके इथेच पैसे वाचवतात.

आता काम अडले आहे ते एका कागदावर. पाइप ज्या व्यापाऱ्याकडून आणला त्याने सगळ्या नगांना पाइप बनवणाऱ्या कारखान्याचे चाचणी प्रमाणपत्र दिले, फक्त शेवटच्या एका नगाला दिले नाही, आणि दारांच्या आडव्या दांड्या नेमक्या त्याच नगाच्या निघाल्या. तपासणी अधिकारी प्रमाणपत्र मागतील की नाही हे सांगता येत नाही. आप्पांचे म्हणणे होते की वेल्डिंग इतके चांगले झाले आहे, तर ते मोडायचे कशाला. दादाने दोन्ही दांड्यांवर खडूने फुल्या मारल्या होत्या. नवा पाइप आला की त्या कापायच्या, आणि होळीआधी गाडी टेम्पोवर चढवून नाशिककडच्या स्पर्धेला न्यायची, असे त्याचे वेळापत्रक आहे.