एल युंकेच्या सहलीची आखणी

आजचा दिवस पोर्तो रिकोतील एल युंके या वर्षावनाच्या सहलीची आखणी करण्यात गेला. सान हुआनपासून मोटारीने तासाभरावर असलेले हे रान स्पेनच्या राजाने १८७६ मध्येच राखीव केले होते. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम टाळून आम्ही मार्च महिना नक्की केला. पाऊस मात्र टळणार नाही, कारण अटलांटिकवरून येणारे बाष्पाने भरलेले वारे या डोंगरांना अडून बाराही महिने बरसतात. आईने फोनवर, "आंबोलीत काय पाऊस कमी आहे का?" असे विचारले, आणि प्रश्न रास्तच होता, पण आंबोलीला दिवाळीनंतर उघडीप मिळते, इथे ती नाही. लेकीला कोकी ऐकायचा आहे. अंगठ्याएवढा हा बेडूक अंड्यातून थेट बेडूक होऊनच बाहेर येतो, मधे पाण्यातला बेडूकमासा नाहीच, आणि अंधार पडला की नर 'को-की' असा गजर सुरू करतात. म्हणून मुक्काम पायथ्याच्या रिओ ग्रांदेत ठेवला. तिथला हिरवा पोपट दिसण्याची आशा मला फारशी नाही, कारण १९७५ मध्ये रानात जेमतेम १३ पक्षी उरले होते आणि आजही तो दुर्मीळच आहे. यजमानांनी तरीही दुर्बीण मागवली आहे.