राहिलेले अध्याय

आमच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर आजी पवित्र शास्त्रातील, म्हणजे बायबलातील, एक अध्याय मोठ्याने वाचत असे. वाचताना तिचे बोट ओळीखालून सरकत असे, आणि प्रभूची प्रार्थना झाल्यावरच अंथरुणे घातली जात. प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय संपला की दुसऱ्या रात्री पुन्हा उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचा पहिला सुरू होई. त्यासाठी किती वर्षे लागली हे तिने कधी मोजले नाही.

मी मात्र नोकरीनिमित्त पुण्यात आल्यावर वर्षभरात संपूर्ण बायबल वाचण्याचे वेळापत्रक हाती घेतले. आमच्या प्रॉटेस्टंट परंपरेतील बायबलात ६६ पुस्तके आणि ११८९ अध्याय आहेत. रोज तीन-चार अध्याय वाचले तर ते वर्षात पूर्ण होते, आणि हा हिशेब कागदावर अगदी सोपा दिसतो. उत्पत्ती आणि निर्गम यांचे नव्वद अध्याय सरतात तेव्हा जानेवारी संपत आलेला असतो, आणि मग लेवीय हे अर्पणांच्या आणि शुद्धतेच्या नियमांचे पुस्तक येते. लागोपाठ तीन वर्षे माझे वाचन फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, होमार्पणे आणि महारोगाची लक्षणे यांच्यामध्ये कोठेतरी, थांबले.

ते थांबण्याचे खरे कारण लेवीय कठीण आहे हे नव्हते. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी सात अध्याय होत, दोन दिवस चुकले की दहा. शनिवारी रात्री मी ही थकबाकी फेडायला बसत असे, डोळे ओळींवरून फिरत, आणि पुस्तक मिटल्यावर काय वाचले हे सांगता येत नसे. फोनवरचे ॲप सलग दिवसांचा आकडा दाखवी; तो शून्यावर आला की देवासमोर बसण्याचीच लाज वाटे, आणि लाज वाटली की माणूस ते पुस्तक उघडणे टाळू लागतो.

पुढे कळले की अशा वेळापत्रकाच्या कर्त्याला ही अडचण आधीच दिसली होती. स्कॉटलंडमधील डंडी येथील पाळक (चर्चचे धर्मगुरू) रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी वाचनाची दिनदर्शिका तयार केली. तिच्यानुसार वर्षात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रे दोनदा वाचून होतात, आणि ती आजही जगभर वापरली जाते. त्याच दिनदर्शिकेच्या प्रस्तावनेत त्यांनी तिचे धोकेही सांगितले आहेत: वाचन केवळ औपचारिकता होऊन बसेल, वाचणाऱ्याला स्वतःच्या धार्मिकतेचे समाधान वाटू लागेल, वाचण्यात निष्काळजीपणा येईल, आणि काहींना हे जू फार जड होईल. माझ्या मानेवर ते जड झाले होते, हे मला मान्य करावे लागले.

माझी सुटका निर्गमाच्या सोळाव्या अध्यायाने केली. रानात इस्राएल लोकांना रोज सकाळी मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेले अन्न, मिळे, आणि तो त्या दिवसापुरताच गोळा करायचा असे. उद्यासाठी ठेवलेल्या मान्न्यात किडे पडत. केवळ शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची मुभा होती. हा भाग मी अनेकदा वाचला होता, पण कालचा मान्ना आज गोळा करता येत नाही हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या ध्यानात आले. ज्याने काल गोळा केला नाही, त्यालाही आज सकाळी नवा मिळत होता. तेव्हापासून मी राहिलेले अध्याय भरून काढणे सोडले. दिवस चुकला तर चुकला. खूण जेथे आहे तेथून पुढचा एकच अध्याय.

बाकीची व्यवस्था साधी आहे. रात्री झोपण्यापूर्वी बायबल स्वयंपाकघरातील टेबलावर काढून ठेवते. सकाळी चहाचे आधण ठेवल्यावर, फोन हातात घेण्याआधी, तेथेच बसून वाचते. मार्काच्या शुभवर्तमानापासून आरंभ केला, कारण त्याचे सोळाच अध्याय आहेत. नीतिसूत्रांचे अध्याय ३१ असल्याने तारीख पाहून अध्याय उघडता येतो. एकशे एकोणिसावे स्तोत्र १७६ वचनांचे असले तरी आठ-आठ वचनांच्या बावीस कडव्यांचे आहे, म्हणून रोज एक कडवे घेतले.

आणि मी मोठ्याने वाचते, आजीसारखी. पहिल्या स्तोत्रात रात्रंदिवस ‘मनन’ करणाऱ्या माणसाचे वर्णन आहे. तेथील मूळ हिब्रू क्रियापदाचा अर्थ पुटपुटणे, गुणगुणणे असाही होतो. यशयाच्या पुस्तकात तेच क्रियापद पारव्याच्या घुमण्यासाठी आणि सिंहाच्या गुरगुरण्यासाठी आले आहे. ओठ हलले की वाचनाचा वेग आपोआप कमी होतो, आणि वेग कमी झाला की मजकूर बोलू लागतो.

याच वेगाने लेवीय वाचताना एकोणिसाव्या अध्यायाशी मी कितीतरी वेळ थांबले. पिकाची कापणी करताना शेताच्या कडा पूर्ण कापू नयेत, सरवा, म्हणजे कापणीत मागे राहिलेली कणसे, वेचू नये, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्यावा, असे तेथे सांगितले आहे. रूथच्या पुस्तकात रूथ बवाज नावाच्या माणसाच्या शेतात सरवा वेचायला जाते ती याच नियमाच्या आधाराने, आणि ती विधवाही होती व परकीही. शनिवारी थकबाकी फेडताना ही दोन पुस्तके माझ्या मनात कधीच शेजारी आली नव्हती.

मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणण्याचे काम पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अनेक वर्षे केले आणि १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी ते पूर्ण केले. त्यांनी लेवीयही शब्दाशब्दाने पार केले असणार, हे आठवले की माझा एक अध्याय मला जड वाटत नाही.

सध्या लेवीयानंतरचे गणना हे पुस्तक चालू आहे. सातव्या अध्यायात ८९ वचने आहेत. बारा वंशांचे बारा सरदार बारा दिवस तेच अर्पण आणतात, १३० शेकेल (त्या काळचे वजनाचे माप) वजनाचे चांदीचे ताट, ७० शेकेलांचा कटोरा, धूपाने भरलेले सोन्याचे पात्र, आणि प्रत्येक वेळी सगळी यादी नावासकट पुन्हा लिहिलेली आहे. आज सहा सरदार वाचून झाले. उरलेले सहा उद्या सकाळी.